दोनशे चाळीसची पावती

१

कायद्याच्या दृष्टीने ज्या कर्जाला मरून चांगली दहा-बारा वर्षं झाली होती, ते शनिवारी सकाळी उठून दारात उभं राहिलं. कोर्टाचा शिक्का असलेलं पाकीट आलं. आत वसुली कंपनीचा दावा होता. व्याजासकट सगळी रक्कम द्या, नाहीतर बाइंडिंगच्या दुकानाचा गाळा विकून आम्ही ती वसूल करू, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. सुनावणी पुढच्याच शुक्रवारी होती.

बाइंडरच्या मुलीने आधी रडून घेतलं आणि मग मावशीला फोन केला.

मावशी म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण. कोर्टाच्या रेकॉर्ड खोलीत एकतीस वर्षं काढून ती निवृत्त झाली होती. तिच्या हाताखालून सुटा कागद कधी पुढे सरकला नाही, म्हणून वकिलांपासून शिपायापर्यंत सगळे तिला टाचणीबाई म्हणायचे, आणि घरात ती टाचणीमावशी झाली होती. नाव तिला आवडत नाही असं ती सांगायची, पण पर्सच्या पट्ट्याला चार टाचण्या टोचल्याशिवाय घराबाहेर पडायची नाही.

ती तडक दुकानात गेली. गाळा लहानसाच होता. समोर लाकडी दाबयंत्र, बाजूला शिलाईची चौकट, खळीचं पातेलं, आणि कोपऱ्यात मळक्या चादरीखाली झाकलेलं कागद कापायचं मशीन. ज्या कर्जाने एवढं रामायण घडवलं ते या मशीनसाठीच काढलेलं होतं. एकोणीस वर्षांत त्यावरची चादर निघाली नव्हती. भाऊजी, म्हणजे मुलीचे वडील, अजून हातातल्या सुरीनेच कागद कापायचे.

"गेल्या वर्षी मी काय सांगितलं होतं?" मावशीने बसायच्या आधीच बापलेकीला विचारलं. "कर्ज देणारी कंपनी बुडाली, तिचे कागद रद्दीच्या भावाने या लोकांनी उचलले. मुदत कधीच संपलीय, त्यांच्या हातात काही नाही. पण तुम्ही होऊन चार दमड्या जरी भरल्यात तरी मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणून एक पैसा द्यायचा नाही, एक सही करायची नाही. सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतंस," मुलगी म्हणाली.

मावशीला तो रविवार लख्ख आठवत होता. स्वयंपाकघरात सगळे जेवत होते. भाऊजी हो म्हणाले होते, मुलगी आणि जावई हो म्हणाले होते, ताईने, मुलीच्या आईने, मान डोलावली होती.

"मग ही काय भानगड आहे?" तिने दाव्याला जोडलेली पावतीची नक्कल समोर धरली. भाऊजींच्या नावावर दोनशे चाळीस जमा. तारीख दोन महिन्यांपूर्वीची. "दोनशे चाळीस भरून तुम्ही मढं उकरून काढलंत, भाऊजी."

"मी नाही भरले."

"मग कुणी भरले?"

तेव्हा मावशीचं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट लक्ष गेलं, आणि तिला धसका बसला. गाळा हातचा जायच्या बेताला आलेला हा शहात्तर वर्षांचा माणूस हसत होता. एकोणीस वर्षांत तिने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"माझ्या मुलाने," भाऊजी म्हणाले.

२

मुलगा घरातून गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. मशीन घेऊ, धंदा वाढवू, म्हणून त्यानेच बापाला कर्ज काढायला लावलं. मशीन आलं, पण कामं आली नाहीत. हप्ते थकले, आणि एका दुपारी याच गाळ्यात बापलेकांची जुंपली. तू माझा कुणी नाहीस, असं भाऊजी म्हणाले. शेवटचा पैसा फेडल्याशिवाय तोंड दाखवणार नाही, असं तो म्हणाला, आणि त्याने शब्द पाळला. त्यानंतर त्याचा पत्ता नाही, पत्र नाही, जिवंत असल्याची खूणसुद्धा नाही.

"हे बघ," भाऊजींनी दाव्यातला आणखी एक कागद पुढे केला. टपालाने पैसे ज्यातून आले त्या पाकिटाची ती नक्कल होती. "घरी केलेलं पाकीट आहे. कागदावर लाटांची नक्षी आहे, दिसतेय? हा आपला पुठ्ठ्याला आतून लावायचा अस्तराचा कागद. त्या वर्षीच तो यायचा बंद झाला. शेवटचं बंडल पोरगा जाताना घेऊन गेला, दुकानात तुकडा उरला नाही. आणि पाकीट चिकटवलेलं नाहीये, शिवलंय. शेवटी साखळीची गाठ आहे. ही गाठ आपल्या घराबाहेर कोण मारतं?"

पुरावा वाईट नव्हता. रेकॉर्ड खोलीत याहून कच्च्या पुराव्यावर लोक जेलात गेलेले तिने पाहिले होते.

"भाऊजी, नीट ऐका. तुमच्या नकळत तिसऱ्याच माणसाने पैसे भरले असतील तर ते तुमचे धरत नाहीत. शुक्रवारी एवढंच सांगायचं, की हे पैसे माझे नाहीत, माझ्या सांगण्यावरून भरलेले नाहीत. दावा तिथेच पडेल."

"आणि पोराने माझ्यासाठी भरलेत, मला मान्य आहे, असं म्हटलं तर?"

"तर गाळा जाईल."

"जाऊ दे." त्यांनी नकलेची घडी घालून ती खिशात ठेवली. "त्याचा माझा काही संबंध नाही असं मी एकदा या गाळ्यात सांगितलंय. दुसऱ्यांदा कोर्टात उभं राहून सांगणार नाही."

मुलगा खरंच सापडला तर सोन्याहून पिवळं. पण हे कुणी मुद्दाम केलं असेल, तर त्याने गाळ्यावर घाव घातला नव्हता, या म्हाताऱ्याच्या काळजावर घातला होता. सहा दिवसांत मावशीला तो माणूस हवा होता.

पहिला संशय अर्थातच जावयावर. चष्म्याचं दुकान चालवणारा हा गृहस्थ गाळा विकून टाका म्हणून गेली तीन वर्षं सासऱ्याच्या मागे लागला होता. मावशीने त्याला त्याच्याच दुकानात गाठलं.

"मला माहीतच होतं माझ्यावर येणार," चष्मा पुसत तो म्हणाला. "मावशी, गाळा विकायचा तर मोकळा हवा ना? कोर्टाचं लचांड असलेला गाळा कोण घेणार? मी एवढा खुळा दिसतो का?"

"दिसतोस खरा. पण नाहीस."

"आणि लोभी म्हणाल, तर त्या घराला देतच आलोय. लाइट बिल आमच्याकडे. आईंच्या कानाच्या मशीनचे सेल, त्याचे पैसे बायको महिन्याच्या महिन्याला नेऊन हातात देते. तरी त्या मशीन घालत नाहीत. आम्ही आपले घसा फुटेस्तोवर ओरडतो."

मावशीला हसू आलं. ताईच्या घरी बोलायचं म्हणजे गल्लीला ऐकू जायचं हे खरंच होतं. जावयाचं नाव तिने मनातून खोडलं, आणि सोमवारी ती वसुली कंपनीच्या कचेरीत गेली.

३

तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत पन्नास माणसं कानाला हेडफोन लावून बोलत होती. कुणी विनवत होतं, कुणी दरडावत होतं. प्रत्येकाच्या समोर भिंतीवर काय बोलायचं याचा छापील कागद होता. मावशीला भिंतीवरचे कागद वाचायची जुनी खोड. तिने उभ्या उभ्या वाचून काढला. कर्जदाराला नावाने हाक मारावी. आवाज चढवू नये. रक्कम कितीही लहान असली तरी नाकारू नये. समोर वयस्कर बाई असल्यास तिला आई म्हणावे.

साहेब गोड बोलणारे होते. "आमच्याकडे सगळं नियमात असतं, मॅडम. पाकीट आलं, पैसे जमा केले, पावती फाडली."

"जुनं कर्ज आहे. दोनशे चाळीस जमा करून घेतल्यावर त्याचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक असणं गुन्हा आहे का?"

"नाही. पण असं विचारणारी पुष्कळ माणसं मी कोर्टात पाहिलीत."

साहेबांचं हसू जरा आखडलं. त्यांनी अस्सल पाकीट टेबलाच्या काचेवर ठेवलं. निळ्या-तांबड्या लाटा, पांढऱ्या दोऱ्याचे एकसारखे टाके, शेवटी घट्ट गाठ. मावशीने हात न लावता वाकून पाहिलं. कागदाची एक बाजू जुनी होऊन फिकट झाली होती, पण मध्ये चार बोटं रुंदीचा एक चौकोनी भाग नव्यासारखा ताजा होता. वर्षानुवर्षं त्यावर काहीतरी ठेवलेलं असावं.

"या खात्यावर केलेल्या फोनची यादीही लागेल," ती म्हणाली.

"दाव्याला जोडलीच आहे. शेवटचं पान. कुणी वाचत नाही ते." 

शेवटचं पान आपणही वाचलं नाही, या विचाराने मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती जिना उतरायला लागली, तेवढ्यात वरून कुणीतरी धावत आलं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण, गळ्यात हेडफोन तसाच लोंबत होता.

"तुम्ही त्या बाइंडिंगवाल्यांच्या घरच्या का?"

"हो. का रे?"

त्याने मागे वळून दाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "त्यांचा गुडघा कसा आहे आता?"

४

उत्तराची वाट न बघता तो परत वर पळाला. मावशी बसथांब्यावर बसली, आणि दाव्याचं शेवटचं पान काढून तिने मांडीवर ठेवलं.

भाऊजींनी कंपनीला झापल्यावर पुन्हा फोन आला नाही, असं घरातले सगळे सांगत होते. यादीत त्यानंतरचे एकतीस फोन होते. एकतीसही मंगळवारी, अकरा वाजता. मंगळवारी अकराला भाऊजी बांधलेली पुस्तकं पोचवायला वाचनालयात जातात. घरात एकटी ताई असते, आणि ताईला तर फोनची घंटासुद्धा ऐकू जात नाही. तरी प्रत्येक फोन वीस मिनिटांच्या वर चालला होता. दावा दाखल झाला त्या आठवड्यापासून एकही फोन नव्हता.

दुसऱ्या दिवशी मंगळवारच होता. अकराला पाच मिनिटं असताना मावशीने बहिणीचं दार आवाज न करता लोटलं. स्वयंपाकघरात, फळीवरच्या फोनजवळ, ताई स्टुलावर पाठमोरी बसली होती. केस विंचरलेले, हात मांडीवर.

मावशी दारातूनच, आपल्यालाही जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "ताई."

ताई चटकन मागे वळली. तिच्या कानात मशीन होतं.

फोन गप्प होता. मग मावशी आतल्या खोलीत गेली. वर्षानुवर्षं न हलवता ठेवलेलं असं या घरात एकच होतं, मुलाचं कपाट. त्याचा खालचा खण तिने ओढला. तीन शर्ट, एक पट्टा, घडी घातलेला रुमाल. शर्ट उचलले तर खाली अस्तराला निळ्या-तांबड्या लाटांचा कागद होता, आणि त्याचा बरोबर पाकिटाएवढा तुकडा कापलेला होता. खणाच्या कोपऱ्यात मशीनच्या सेलचं रिकामं पुडकं पडलं होतं. त्यावरची किंमत बघायची खरं तर गरज नव्हती. दोनशे चाळीस.

"चिकटवलं का नाहीस?" बाहेर येऊन मावशीने विचारलं. "दुकानातलं माणूस असतं तर खळीचं बोट लावून मोकळं झालं असतं. बाहेरगावचं असतं तर विकतचं पाकीट आणलं असतं. सुईदोराच तेवढा हाताशी असलेलं माणूस शिवत बसतं. हे मला काल सुचायला हवं होतं."

"खळ दुकानात असते," ताई म्हणाली. "दुकानात मागायला गेले असते तर ह्यांनी विचारलं असतं कशाला." 

"ताई, अगं तो कंपनीचा माणूस होता."

"मग मला काय तो आपला वाटला? बहिरी आहे मी, खुळी नाही." ताईने मशीनवरून बोट फिरवलं. "आई म्हणायचा."

भिंतीवरच्या त्या छापील कागदाबद्दल मावशीने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तेव्हाही नाही आणि पुढे कधीच नाही.

"पहिले दोन महिने पैसे मागायचा," ताई सांगू लागली. "मग विसरायलाच लागला. मीच आठवण करायची, अरे, पैशांचं विचार, तुझे साहेब ऐकत असतील. गुडघ्याचं विचारायचा. काय जेवलात विचारायचा. त्याचा आवाज सव्वीस वर्षांचा आहे गं. आपला आता पंचेचाळीसचा असेल. पंचेचाळीसचा आवाज मला कुठे माहीत आहे? उद्या खरंच त्याचा फोन आला तरी मी कोण म्हणून विचारीन."

मावशीने दुसरं स्टूल ओढलं आणि बहिणीच्या गुडघ्याला गुडघा लावून ती बसली.

"एका मंगळवारी म्हणाला, आई, आता फोन करता येणार नाही, काहीच जमा नाही म्हणून फाइल बंद होतेय. म्हटलं, किती जमा झाले तर चालू राहील? म्हणाला, कितीही. मग स्वतःच म्हणाला, घरात कुणाला तरी विचारा आधी. म्हटलं, विचारलंय." तिने फोनकडे पाहिलं. "पैसे पाठवले, त्यानंतर थोडे दिवस आला फोन. मग बंदच झाला. माझं काय चुकलं ते कळेना."

पैसे गेले म्हणून कर्ज जिवंत झालं, कर्ज जिवंत झालं म्हणून फाइल वकिलाकडे गेली, आणि वकिलाकडे गेली म्हणून फोन बंद झाले. ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्याचाच तिने आपल्या हाताने गळा आवळला होता. हे तिला कसं सांगायचं ते मावशीला कळेना.

"पण ताई, मी बजावलं होतं ना? याच खोलीत, सगळ्यांसमोर. एक पैसा द्यायचा नाही म्हणून."

"कधी?"

"रविवारी. आपण जेवत होतो."

"रविवारी मशीन डबीत असतं," ताई म्हणाली. "मंगळवार सोडला तर डबीतच असतं. या घरात ऐकण्यासारखं असतं काय? तुझे भाऊजी दिवसाला चार वाक्यं बोलतात. पोरगा गेल्यापासून त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही आणि मी काढलं नाही."

"पण तू मान डोलावलीस."

"मी सगळ्यालाच डोलावते."

मावशीने डोळे मिटून घेतले. एकतीस वर्षं तिने लोकांच्या साक्षी टाचल्या होत्या, आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती स्वतःच्या बहिणीला कानात मशीन आहे की नाही हे न बघता सांगून मोकळी झाली होती. घासाघासाला सगळे ओरडत होते, आणि कायद्याची गोष्ट मात्र तिने कोर्टातल्यासारखी हळू आवाजात सांगितली होती. चूक कुणाची हे शोधायला ती सहा दिवस दारोदार हिंडणार होती.

ताई तिच्याकडे बघत होती. "ह्यांना सांगणार?"

"सांगावं लागेल. नाहीतर शुक्रवारी ते गाळा देऊन बसतील."

"गाळ्याचं नाही गं मी म्हणत," ताई म्हणाली. "ते हसतायत सध्या."

५

भाऊजी दाबयंत्राचा दांडा फिरवत होते. मावशीने सगळा पाढा वाचायचं ठरवलं होतं: खण, पुडकं, यादी. प्रत्यक्षात तिने एकच प्रश्न विचारला.

"भाऊजी, पोराला टाके घालायला कुणी शिकवलं होतं?"

"मी नाही. मी कापायला शिकवलं. टाके त्याला त्याच्या आईने..."

दांडा थांबला. त्यांनी बराच वेळ तो तसाच धरून ठेवला. मग मावशीने बाकीचं सांगितलं, काही न गाळता. तिचं झाल्यावर त्यांनी खिशातली नक्कल काढली, उलगडली, पुन्हा घडी घातली. चार दिवसांच्या हाताळण्याने ती घडीवर फाटायला आली होती.

"म्हणजे त्याने नाही पाठवले."

"नाही."

"मग तो आहे की नाही, ते..."

"ते या कागदांत नाही, भाऊजी. असतं तर मी शोधलं असतं."

ते खाली बसले. मावशीला वाटलं ताईवर चिडतील. ते म्हणाले, "तिला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडून बोलायचो. ओरडून माणूस किती बोलणार? भात झाला का, दार लाव. एकोणीस वर्षं तेवढंच." आणि मग ते रडले. मोठ्याने, हुंदके देऊन. मावशीने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसून राहिली.

शुक्रवारी ताई साक्षीला उभी राहिली, कानात मशीन घालून. पैसे मी पाठवले, ह्यांना ठाऊक नव्हतं, ह्यांनी सांगितलं नव्हतं, असं तिने सांगितलं. कंपनीच्या वकिलाने विचारलं, मग पाठवलेत कशाला? ताई म्हणाली, फोन चालू राहावा म्हणून. वकिलाने पुढचा प्रश्न विचारला नाही. पैसे कर्जदाराचे नव्हेत असं ठरलं, मुदत संपली ती संपलीच, दावा निकाली. गाळा वाचला. मुलीने मावशीला मिठी मारली. जिंकल्यासारखं कुणालाच वाटत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी मावशी ताईकडे गेली. तिला एकटीला बसू द्यायचं नव्हतं. अकराला दहा कमी असताना ताईने सवयीने डबी उघडली, मशीन कानात घातलं, आणि मग आपल्याच लक्षात येऊन ती कसनुशी हसली. काढलं मात्र नाही. अकरा वाजले. पाच मिनिटं गेली. मावशी उगाच भांडी लावत होती.

फोन वाजला.

ताईने तो दोन्ही हातांनी उचलला. पलीकडून एवढ्या मोठ्याने आवाज आला, की मावशीला ओट्यापाशी शब्द न् शब्द ऐकू गेला.

"मी बोलतोय. वाचनालयातून. त्यांच्या फोनवरून."

"ओरडू नका," ताई म्हणाली. "मशीन घातलंय."

मग पलीकडचा आवाज खाली आला, आणि मावशीला फक्त बहिणीचं बोलणं ऐकू येत राहिलं.

"हो, जेवले... गुडघा? दुखतो. जिना चढताना जास्त... नाही, तुम्हाला कधी सांगितलं नाही." मग ती बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. फोनची वायर तिने बोटाभोवती गच्च गुंडाळली होती. पलीकडे काय चाललं होतं कोण जाणे, पण तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"मलापण त्याची आठवण," ती शेवटी म्हणाली. "रोज येते."

मावशीने हातातलं पातेलं आवाज न करता ओट्यावर ठेवलं आणि ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. घड्याळात साडेअकरा होऊन गेले तरी ताईने फोन खाली ठेवला नव्हता.